लौकिक आणि आपलेपण : कलकत्त्यातील तोरू दत्त व पंडिता रमाबाई

१

१७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांचे वृत्त कानी येऊ लागले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराच्या रक्षणासाठी एक खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खोदाई झाली आणि काम थांबले. ज्यांच्या धास्तीने ते आरंभिले होते ते मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये या खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. खंदक गेला, नाव मात्र राहिले. आणि मराठी ‘बारगीर’ या शब्दाचे ‘बर्गी’ हे रूप बंगाली आयांच्या अंगाईगीतांत कायमचे वस्तीला आले.

या घटनेला एकशे छत्तीस वर्षे लोटल्यावर, १८७८ मध्ये, वीस वर्षांची एक मराठी भाषक तरुणी आपल्या भावासह या शहरात आली. तिच्यापाशी ना पैसा होता, ना ओळखीपाळखी. शहराने तिचे स्वागत केले, पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पदव्या दिल्या. ही तरुणी म्हणजे रमाबाई डोंगरे. तिच्या आगमनाच्या आदल्याच वर्षी, ३० ऑगस्ट १८७७ रोजी, याच शहरात जन्मलेली एकवीस वर्षांची एक कवयित्री मरण पावली. खंदकाच्या जागी झालेल्या त्याच रस्त्यालगत, माणिकतल्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिचे दफन झाले. तिचे नाव तोरू दत्त. ती पिढीजात कलकत्त्याची. पण शहराच्या अंतरंगात तिला जागा होती असे म्हणता येत नाही.

साहित्येतिहासाच्या रूढ विभागणीत या दोघी एकमेकींच्या शेजारी कधी येत नाहीत. तोरू ‘भारतीय इंग्रजी साहित्या’च्या पहिल्या प्रकरणात येते, रमाबाई ‘स्त्रीसुधारणे’च्या प्रकरणात. भाषा वेगळ्या, प्रांत वेगळे, अभ्यासकही वेगळे. वस्तुतः दोघींच्या वयात दोन वर्षांचेच अंतर होते. आणि समाजाने दिलेला लौकिक म्हणजे समाजाने दिलेले स्थान नव्हे, हे दोघींनी एकाच शहरात, एकाच दशकात, कोवळ्या वयात ओळखले होते. या अनुभवाविषयी दोघींनी लिहूनही ठेवले आहे. ते लेखन शेजारी ठेवून वाचले असता एकोणिसाव्या शतकाच्या प्रबोधनाचे जे चित्र दिसते, ते गौरवग्रंथांतील चित्रापेक्षा काहीसे निराळे आहे.

२

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी रामबागानातील दत्तांच्या घरी झाला. हे घराणे इंग्रजी विद्येत मुरलेले होते. आजोबा रसमय दत्त लहान दाव्यांच्या न्यायालयात न्यायाधीश होते. हिंदू कॉलेजच्या कारभाराशीही त्यांचा निकटचा संबंध होता. वडील गोविनचंद्र स्वतः इंग्रजीत कविता करीत आणि १८७० मध्ये लंडनहून निघालेल्या ‘द दत्त फॅमिली अल्बम’ या संग्रहात त्यांच्यासह कुटुंबातील इतरांच्याही कविता आहेत. १८६२ मध्ये या कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला. तोरू तेव्हा सहा वर्षांची होती. आई क्षेत्रमणी यांना हा बदल प्रारंभी मानवला नव्हता. पुढे मात्र त्या निष्ठावंत ख्रिस्ती झाल्या आणि त्यांनी एका ख्रिस्ती पुस्तकाचा बंगालीत अनुवादही केला. आईकडची आजी हिंदूच राहिली. एकाच कुटुंबात एका पिढीने दुसरा देव स्वीकारला की सणवार, पंगत, लग्नकार्ये आणि सुतक या सर्व व्यवहारांत एक अदृश्य रेघ उमटते. तोरूचे बालपण या रेघेच्या काठावर गेले.

१८६५ मध्ये थोरला भाऊ अब्जू गेला. १८६९ मध्ये गोविनचंद्र पत्नीला आणि आरू व तोरू या दोन मुलींना घेऊन युरोपला गेले. दक्षिण फ्रान्समधील नीस येथे मुली काही महिने शाळेत होत्या. फ्रेंच भाषेवर तोरूचे जे प्रेम जडले ते तेथेच. नंतर लंडन, आणि १८७१ पासून केंब्रिज. स्त्रियांसाठी नव्यानेच सुरू झालेल्या व्याख्यानांना दोघी बहिणी तेथे जात. तेथेच मेरी मार्टिन ही समवयस्क मैत्रीण तोरूला लाभली. सप्टेंबर १८७३ मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतले आणि पुढल्याच वर्षी, जुलै १८७४ मध्ये, आरू क्षयाने मरण पावली. तीन भावंडांपैकी तोरू एकटी उरली.

यानंतरच्या तीन वर्षांत तिने मेरी मार्टिनला जी पत्रे लिहिली, ती हरिहर दास यांनी संपादिलेल्या तोरूच्या चरित्रग्रंथात १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय पत्रवाङ्मयात या पत्रांचे मोल मोठे आहे. प्रसिद्धीचा विचारही मनात न आणता लिहिलेली ही पत्रे आहेत. त्यांत बागमारीच्या बागबंगल्यातील झाडे आहेत, घरातील मांजरे आहेत, ‘जनेत’ आणि ‘जांतीय’ ही फ्रेंच नावे ल्यालेले गाडीचे घोडे आहेत, खोकला आहे, औषधे आहेत, आणि नव्याने हाती आलेल्या पुस्तकांची लांबलचक वर्णने आहेत. परंतु या घरगुती तपशिलांच्या आड एक प्रश्न सतत जागा असतो : आपले माणूस कोणते आणि आपले गाव कोणते?

केंब्रिजमध्ये तोरू मोकळेपणी हिंडत-फिरत असे. कलकत्त्यात तिला घर आणि बाग यांपलीकडे जग उरले नाही. बंगाली मेजवान्या पुरुषांच्या असतात, बायका घरी राहतात, ही गोष्ट ती मैत्रिणीला साधेपणाने कळविते. त्यात तक्रारीपेक्षा नवलाचा सूर अधिक आहे. हिंदू समाजाच्या दृष्टीने दत्त कुटुंब बाटलेले; शहरातील इंग्रजांच्या दृष्टीने ते काळे. ख्रिस्ती बंगाल्यांचा समाज लहान होता आणि त्यातही हे कुटुंब फारसे मिसळत नसे. तोरूचे खरे सोबती म्हणजे वडील आणि ग्रंथ. यामुळे तिच्या पत्रांत इंग्लंडला परत जाण्याची ओढ वारंवार प्रकट होते. तिला केवळ गतकाळाचे हळवे स्मरण म्हणून बाजूला सारता येणार नाही. ज्या ठिकाणी माणसाला रस्त्याने चालता येते ते ठिकाण त्याला आपले वाटू लागते, इतका साधा अर्थ त्या ओढीत आहे.

पण त्याच पत्रांत याच्या उलट दिशेचा प्रवासही दिसतो. एका पत्रात तोरूने आपल्या देशबांधवांसाठी सहजगत्या ‘नेटिव्ह’ हा शब्द योजिला. मेरीने त्याबद्दल तिला टोकले. तोरूने चूक निमूटपणे मान्य केली आणि हा शब्द पुन्हा वापरणार नाही असे कळविले. प्रसंग छोटा आहे, परंतु त्याचा अर्थ खोल आहे. राज्यकर्त्यांची भाषा घेताना त्यांची नजरही नकळत आपल्या डोळ्यांत येते, हे एका इंग्रज मुलीने एका बंगाली मुलीस दाखवून द्यावे लागले. आणि ते दाखविले जाताच त्या बंगाली मुलीने ते ओळखले. पुढील पत्रांत युरोपियनांच्या हातून हिंदी माणसांवर झालेल्या अन्यायांच्या वार्ता ती ज्या संतापाने लिहिते, तो संताप या ओळखीनंतरचा आहे.

३

मार्च १८७६ मध्ये तोरूचे ‘ए शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स’ हे पुस्तक भवानीपूरच्या साप्ताहिक संवाद प्रेसने छापले. फ्रेंच कवितांच्या सुमारे १६५ इंग्रजी अनुवादांचा हा संग्रह. त्यांतील ८ अनुवाद दिवंगत आरूचे. कागद हलका, छपाई सुमार, प्रस्तावना नाही. लंडनच्या ‘एक्झॅमिनर’ पत्राचे संपादक विल्यम मिंटो यांच्या कचेरीत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते टपालाने जाऊन पोहोचले आणि तेथे योगायोगाने हजर असलेल्या एडमंड गॉस यांच्या हाती पडले. त्या ओबडधोबड पुस्तकाविषयी आपल्याला प्रथम वाटलेली अनास्था आणि नंतर वाटलेला विस्मय गॉस यांनी पुढे स्वतःच नोंदविला आहे. १८७७ मध्ये पॅरिसच्या ‘रेव्ह्यू दे द्यू मोंद’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आंद्रे थ्युरिए यांनीही त्याचे कौतुक केले.

या घटनेचा भूगोल ध्यानात घेण्याजोगा आहे. कविता फ्रान्सच्या, भाषा इंग्रजी, छापखाना भवानीपूरचा, वाचक लंडन-पॅरिसचे. कलकत्त्याच्या एका उपनगरातील छापखान्यातून निघालेले पुस्तक दोन युरोपीय राजधान्यांत वाचले जाते आणि रामबागानच्या शेजारच्या गल्लीत मात्र ते कोणाच्या घरी पोहोचत नाही. याच १८७६ साली, तेथून हाकेच्या अंतरावरील जोडासाँको येथे वाढलेल्या स्वर्णकुमारी देवींची ‘दीपनिर्वाण’ ही बंगाली कादंबरी प्रसिद्ध झाली. स्वर्णकुमारींचा जन्म १८५५ चा. म्हणजे दोघी जवळजवळ एका वयाच्या. बंकिमचंद्रांच्या ‘बंगदर्शना’ने १८७२ पासून जो बंगाली वाचकवर्ग घडविला होता, तो स्वर्णकुमारींना आयता मिळाला. तोरूला तो मिळाला नाही, कारण तिने त्याच्या भाषेत लिहिलेच नाही. लोकप्रियता ही गुणवत्तेइतकीच वाटांवर अवलंबून असते. तोरूच्या घरापासून शेजारच्या घरापर्यंत वाट नव्हती; सातासमुद्रापलीकडे मात्र होती.

परंतु तोरू एवढ्यावर थांबली नाही. संग्रह सिद्ध होत असतानाच, १८७५ च्या अखेरच्या सुमारास, तिने वडिलांसमवेत संस्कृत शिकण्यास प्रारंभ केला. प्रकृती ढासळत होती. अभ्यास अधूनमधून बंद पडे. तरी विष्णुपुराणातील दोन आख्यानांचे अनुवाद तिने पुरे केले. तिच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये गॉस यांच्या प्रस्तावनेसह लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘एन्शन्ट बॅलड्स अँड लेजंड्स ऑफ हिंदुस्तान’ या संग्रहात सावित्री, लक्ष्मण, ध्रुव, प्रल्हाद, सीता यांच्या कथा आहेत. या कथा तिला ग्रंथांतून प्रथम भेटल्या नाहीत, आईच्या तोंडून भेटल्या. धर्म बदलला तरी आईची गाणी आणि गोष्टी बदलल्या नव्हत्या. सीतेवरील कवितेत अंधाऱ्या खोलीत आईभोवती बसून कथा ऐकणारी तीन मुले आहेत. ती तिन्ही आता पुन्हा कधी अशी एकत्र बसणार आहेत का, हा त्या कवितेतील प्रश्न अब्जू आणि आरू यांच्या मृत्यूनंतरचा आहे.

या संग्रहातील दोन कविता प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. ‘जोगाद्या उमा’ ही कथा संस्कृत पुराणांतली नव्हे. ती बंगालच्या क्षीरग्रामची स्थानिक दैवतकथा आहे. शाखारी, म्हणजे शंखाच्या बांगड्या विकणारा कासार, घाटावर भेटलेल्या एका तरुणीला बांगड्या भरतो आणि ती तरुणी साक्षात देवी निघते. तोरू ही कथा सांगते आणि शेवटी असेही सुचविते की, ती कोणास असंभाव्य वाटेल, पण ज्यांच्या मुखातून ती ऐकली ते मुख प्रिय होते. श्रद्धेने ख्रिस्ती असलेल्या एका मुलीने ग्रामदेवतेशी जोडलेले हे नाते तर्काचे नाही, जिव्हाळ्याचे आहे. दुसरी कविता एकलव्याची. तोरूने त्याला ‘बुट्टू’ असे नाव दिले आहे. हीन कुळातला म्हणून गुरूच्या दारातून परत पाठविलेला, राजपुत्रांच्या हसण्याचा विषय झालेला हा मुलगा अरण्यात जातो, गुरूची मूर्ती घडवितो आणि तिच्यासमोर एकट्याने विद्या मिळवितो. शिक्षण, वगळले जाणे आणि एकांतातली निर्मिती यांची ही कथा तोरूने निवडावी यात आश्चर्य नाही. बागमारीच्या बागेत फ्रेंच कवींची आणि पुढे पुराणांची मूर्ती समोर ठेवून तीही एकटीच साधना करीत होती.

मृत्यूनंतर वडिलांना तिच्या कागदांत ‘ल जुर्नाल द मादम्वाझेल दार्व्हेर’ ही फ्रेंच कादंबरी पूर्ण स्वरूपात सापडली. १८७९ मध्ये ती पॅरिसला प्रसिद्ध झाली. प्रस्तावना क्लारिस बादेर या विदुषीची होती. प्राचीन भारतीय स्त्रीवरील बादेर यांच्या फ्रेंच ग्रंथाचा अनुवाद करण्याची इच्छा तोरूने अखेरच्या वर्षी पत्राने कळविली होती. स्वतःच्या देशातील स्त्रीचा इतिहास वाचण्यासाठी फ्रेंच ग्रंथाकडे जावे लागणे हा तत्कालीन शिक्षणाचा विपर्यास म्हणता येईल. परंतु तोरूच्या बाबतीत ती घराकडे परतण्याची वाट होती. वाट लांबची होती आणि आयुष्य तोकडे.

४

रमाबाईंची वाट नेमकी उलट दिशेची होती. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले; त्याकरिता समाजाचा रोष पत्करला; आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराणे सांगे आणि त्यावर निर्वाह करी. रमाबाईंना भागवत मुखोद्गत होते. घर म्हणून ज्याला म्हणावे असे ठिकाण या कुटुंबाला दीर्घकाळ नव्हतेच. १८७४ नंतरच्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण असे एकामागून एक गेले. श्रीनिवास आणि रमा ही दोघे भावंडे उपाशीतापाशी, बहुतांशी पायी, उत्तर हिंदुस्थान पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास आली.

कलकत्त्यात त्यांना जे मिळाले त्याची त्यांना सवय नव्हती : कीर्ती. संस्कृतात अस्खलित बोलणारी, शास्त्रवचने मुखोद्गत असलेली अविवाहित ब्राह्मण तरुणी पाहून शहर थक्क झाले. पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. वर्तमानपत्रांत स्तुती आली, सभांची निमंत्रणे आली. ज्या वर्षी कलकत्ता विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या आणि कादंबिनी बसू प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेच हे वर्ष. स्त्रीशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर होता. सुधारकांना आपल्या पक्षाचा पुरावा हवा होता. प्राचीन आर्यस्त्री विदुषी होती हा त्यांचा दावा रमाबाईंच्या रूपाने बोलता-चालता समोर उभा राहिला. सनातन्यांनाही त्यांत वावगे दिसेना, कारण ही तरुणी इंग्रजी शिकलेली नव्हती, शास्त्रे शिकलेली होती. दोन्ही पक्षांना रमाबाई हव्याशा वाटल्या, त्या अशा परस्परविरुद्ध कारणांनी.

पुढे १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आणि मराठीत ‘माझी साक्ष’ म्हणून परिचित असलेल्या आत्मकथनात रमाबाईंनी या कलकत्त्याच्या दिवसांचे वर्णन केले आहे. त्यात सत्कारांचा पाल्हाळ नाही. त्यांना आठवतात त्या वेगळ्याच गोष्टी. भावंडे एकदा एका ख्रिस्ती मेळाव्यास गेली. खुर्च्या मांडलेल्या, साहेब आणि एतद्देशीय एकत्र बसून खातपीत असलेले. कलियुग खरोखरच आले असे दोघांना वाटले. मग प्रार्थनेच्या वेळी ती मंडळी आपापल्या खुर्चीपाशी गुडघे टेकू लागली, तेव्हा ही खुर्च्यांचीच पूजा करीत असावीत असा त्यांचा समज झाला. निघताना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली. पण तिची भाषा संस्कृत ग्रंथांच्या परिचित वळणाची नव्हती, म्हणून ती वाचण्यात त्यांना गोडी वाटली नाही. या आठवणीतील विनोद स्वतःवरच रोखलेला आहे. ज्या बाईने पुढे त्याच प्रार्थनेत आयुष्य घालविले, ती आपल्या पूर्वीच्या अज्ञानाकडे न लाजता पाहते आहे.

दुसरी आठवण केशवचंद्र सेन यांची. त्यांनी रमाबाईंस वेद वाचले आहेत काय असे विचारले. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही असे रमाबाईंनी उत्तर दिले. केशवचंद्रांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि वाचण्याचा आग्रह केला. ज्या तरुणीला नुकतीच ‘सरस्वती’ ही उपाधी मिळाली होती तिला वाग्देवतेच्या मूळ ग्रंथाला हात लावण्याचा अधिकार आपल्याला आहे याची खात्री नव्हती. उपाधी आणि अधिकार यांतील हे अंतर रमाबाईंना कोणी समजावून द्यावे लागले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक ठरली. काही पंडितांनी त्यांस पडद्यातील स्त्रियांपुढे शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्याची विनंती केली. त्या तयारीसाठी रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचू लागल्या. त्या ग्रंथांत बाकी सर्व बाबतींत मतभेद आढळले; परंतु स्त्री स्वभावतःच दुष्ट आहे आणि स्त्री व शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, या दोन गोष्टींत मात्र त्यांना एकवाक्यता दिसली. समाजाने त्यांना व्यासपीठ दिले ते हे सांगण्यासाठी. ज्या विद्येमुळे त्यांना लौकिक लाभला तीच विद्या त्यांना सांगत होती की, तुला येथे स्थान नाही. वीस वर्षांच्या तरुणीला झालेला हा साक्षात्कार म्हणजे रमाबाईंच्या पुढील जीवनाचे बीज होय. इंग्रजी ग्रंथ किंवा मिशनऱ्यांचा उपदेश यांतून तो आलेला नव्हता. आपल्याच परंपरेच्या आपल्याच वाचनातून तो आला, हे रमाबाईंच्या टीकाकारांनी पुरेसे ध्यानात घेतले नाही.

या लौकिकाची कसोटी लवकरच लागली. १८८० मध्ये श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या कायस्थ वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, मातृभाषा वेगळी. आर्यस्त्रीचा आदर्श म्हणून गौरविलेल्या विदुषीने स्वतःच्या निवडीने असा संसार मांडावा, हे गौरव करणाऱ्यांतील अनेकांच्या गणितात बसणारे नव्हते. दांपत्य सिलचरला राहिले. तेथे घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकचे शुभवर्तमान सापडले, ते बंगालीत. संस्कृत बायबल ज्यांना परके वाटले होते त्यांना बंगालीतील ती छोटी पुस्तिका वाचनीय वाटली. १८८१ मध्ये मुलगी झाली; फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या आणि बंगालातील चार वर्षांचे पर्व संपले.

५

आता या दोन आयुष्यांची मांडणी समोरासमोर करता येते. चर्चमध्ये गुडघे टेकणारी तोरू आयुष्याच्या अखेरीस पुराणांकडे वळली. पुराणे तोंडपाठ असलेल्या रमाबाईंनी गुडघे टेकणारी माणसे प्रथम पाहिली ती याच शहरात. एकीने संस्कृत हे हरवलेले घर म्हणून शोधले. दुसरीला त्या घराच्या आतल्या खोलीचे दार बंद असल्याचे आढळले. एकीला परदेशाने नावाजले आणि शेजाऱ्यांनी ओळखले नाही. दुसरीला परप्रांताने डोक्यावर घेतले, पण ती माणूस म्हणून वागू लागताच तिच्याभोवतीची गर्दी ओसरली. दोघींना लौकिक मिळाला तो त्या कोण आहेत यामुळे नव्हे. त्या कशाचे उदाहरण आहेत यामुळे मिळाला. गॉस यांच्या लेखी तोरू हा एक चमत्कार होता : उष्ण कटिबंधात अकाली फुललेले फूल. कलकत्त्याच्या पंडितांच्या लेखी रमाबाई हाही एक चमत्कारच होता. चमत्काराला टाळ्या मिळतात, शेजार मिळत नाही.

या जोडीला एक तिसरे नाव जोडणे क्रमप्राप्त आहे. टपालखात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी १८८१ मध्ये बदली होऊन कलकत्त्यास आले व पुढे श्रीरामपूरला राहिले. सोबत पत्नी आनंदीबाई होत्या, वय सोळा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, अमेरिकेस वैद्यकी शिकण्यास का जात आहे, या विषयावर त्यांनी इंग्रजीत भाषण केले. शिकू पाहणाऱ्या स्त्रीला रस्त्यावर जो उपहास आणि उपद्रव सोसावा लागतो त्याचा उच्चार त्यांनी त्या भाषणात निर्भीडपणे केला आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे बजावले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याच्या बंदरातून निघाल्या. रमाबाईंना या शहराने पदवी दिली, आनंदीबाईंना समुद्राची वाट. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. बंगालात राहून गेलेल्या दोन मराठी स्त्रिया परस्परांना भेटल्या त्या अशा तिसऱ्याच खंडात. पुढल्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. तोरू गेली त्याच वयात, एकविसाव्या वर्षी, आणि त्याच क्षयरोगाने.

६

येथे एक आक्षेप संभवतो. तोरूचे एकाकीपण तिच्या घराण्याच्या श्रीमंतीतून आणि इंग्रजी वळणातून आले. रमाबाईंचे दारिद्र्यातून आणि भटकंतीतून. मग दोन्ही एका मापाने का मोजावीत? आक्षेप रास्त आहे आणि दोघींमधील हे अंतर पुसून टाकण्याचे कारण नाही. तोरूपाशी बाग होती, ग्रंथ होते, पुस्तक छापवून घेणारे वडील होते. रमाबाईंपाशी फक्त पाठांतर होते. तथापि दोघींनी आपल्या एकाकीपणाला दिलेले उत्तर एकाच जातीचे आहे. दोघींनी मिळालेल्या लौकिकावर समाधान मानले नाही. टाळ्या मिळविणारी भाषा सोडून जिव्हाळ्याच्या भाषेकडे जाण्याचा प्रयत्न दोघींनी केला.

तोरूचा प्रयत्न अर्धाच राहिला. फ्रेंचकडून संस्कृतकडे आणि संस्कृतकडून आईच्या कथांकडे ती आली. मात्र आईच्या भाषेत लिहिण्यापर्यंत तिला पोहोचता आले नाही. तिच्या उत्तम कवितांत, बागमारीच्या सुरूच्या झाडावरील कवितेत किंवा सीतेच्या कवितेत, इंग्रजी शब्दांच्या मागे बंगाली संध्याकाळ आहे. ती अनुवादात उतरत नाही आणि मूळ तर लिहिलेच गेलेले नाही. भारतीय इंग्रजी काव्याचा आरंभ या उणिवेतून झाला, ही गोष्ट त्या काव्याचा अभ्यास करणाऱ्यांनी विसरू नये.

रमाबाईंना आयुष्याचा अवधी मिळाला. १८८१ मध्ये बर्लिनच्या प्राच्यविद्या परिषदेपुढे त्यांचे संस्कृत काव्य गेले. त्याचा इंग्रजी अनुवाद मोनियर विल्यम्स यांनी केला. पुण्यास आल्यावर १८८२ मध्ये लिहिलेले ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक अजून संस्कृतच्या ओझ्याखाली वाकलेले आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुण्याने त्यांच्याशी जे केले ते मराठी वाचकांस ठाऊक आहे. कलकत्त्यात एकदा अनुभवलेला लौकिकाचा ओहोटीचा क्रम पुण्यात अधिक कठोरपणे घडला. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या संगतीत त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या कामाला वाहिली ते मराठी भाषेतले होते. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या शिकलेल्या स्त्रीलाही कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या तेव्हा हे काम पुरे झालेले होते. ज्या बाईला संस्कृताने ‘सरस्वती’ केले तिने संस्कृतप्रचुर शब्द एकेक करून गाळले. ज्यांच्यासाठी ते गाळले त्या स्त्रिया कोणालाही पदवी देऊ शकत नव्हत्या. त्यांच्यात रमाबाईंना जे मिळाले त्याला आपलेपण म्हणतात.

मराठी साहित्येतिहासाने रमाबाईंची नोंद सुधारक म्हणून आदराने घेतली. लेखक म्हणून अनेक वर्षे घेतली नाही. बंगाली साहित्येतिहासात तोरूला जागा नाही, कारण तिची भाषा बंगाली नव्हती. दोन्ही वगळण्यांना नियमांचा आधार आहे आणि दोन्ही नियम आता तपासून पाहण्याजोगे आहेत. साहित्य म्हणजे केवळ भाषेच्या हद्दीतील मालमत्ता असे मानले, तर या दोघी कायम हद्दीबाहेर राहतील. उलट, माणसाला आपला शेजार शोधताना जे लिहावे लागते ते साहित्य असे मानले, तर १८७३ ते १८८३ या दशकातील कलकत्ता हे भारतीय साहित्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे ठिकाण ठरते, आणि त्याचा एक भाग मराठी माणसाच्याही वाट्याला येतो.

सर्क्युलर रोडला आज आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत. त्याखाली कधीकाळी मराठ्यांना थोपविण्यासाठी खणलेला खंदक होता हे रस्त्याने जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. खंदक बुजविला की त्याचा रस्ता होतो. साहित्येतिहासातील खंदकांच्या बाबतीत हे काम अद्याप बरेचसे व्हावयाचे आहे.